किनाऱ्यावरच्या चाकोऱ्या आणि चिखल्या पक्षी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडीच्या दिवसांत कोल्हापूरकरांचे शनिवार-रविवार कोकणात जातात आणि त्या सहलींविषयी आपल्या दैनिकात आवर्जून छापूनही येते. म्हणूनच तिथल्या किनाऱ्यावर पाहिलेली एक गोष्ट आपल्यामार्फत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

गेल्या जानेवारीत आम्ही, एरवी कळंबा तलावाच्या काठी पक्षी पाहणारे पाच जण, पहाटे तीनला निघून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट या वाटेने मालवणजवळच्या तळाशीलला पोहोचलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असे हे गाव आहे. ओहोटीला ओल्या वाळूवर दूरवर विखुरलेले पक्षी भरती चढू लागली की कोरड्या वाळूवर एकत्र येऊन विसावतात, त्यामुळे ते पाहायचे तर भरतीची वेळ ठाऊक असावी लागते. कोकणातले जुने लोक ती तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. त्या दिवशी त्रयोदशी होती, म्हणजे पावणेदहा, आणि हिशेब चुकला नाही.

कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे लांबूनच दिसले. चिखल्या मात्र दुर्बिणीतूनही चटकन सापडेनात, कारण त्यांची पाठ अगदी वाळूच्या रंगाची असते. सापडल्या त्या गाडीच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीत: एकामागे एक बारा पक्षी, वाऱ्याकडे तोंड करून, काही एका पायावर उभे, काही पोट टेकून डोळे मिटलेले. वारा लागू नये म्हणून हे पक्षी वाळूतल्या खळग्याचा, अगदी माणसाच्या पावलाच्या ठशाचाही आडोसा घेतात. लडाख-तिबेटच्या पठारावर वीण करून हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी मुठीत मावेल एवढाच असतो.

आम्ही पाहत असतानाच एक जीप त्याच चाकोरीतून भरधाव आली. नंबरपट्टी एमएच ०९ ची, म्हणजे आपल्याच जिल्ह्याची होती, हे लिहिताना वाईट वाटते. पक्षी अगदी शेवटच्या क्षणी उडाले. अर्ध्या तासात ती गाडी तीनदा फिरली आणि तिन्ही वेळा सगळा थवा उठला. पुढे चालत जाऊन आम्ही ती चाकोरी शेवटपर्यंत पाहिली. एकही पक्षी चिरडला नव्हता. पण वसंतात परतीच्या उड्डाणासाठी याच वाळूवर, याच महिन्यांत त्यांना अंगात चरबी साठवायची असते आणि असे प्रत्येक विनाकारण उडणे त्या शिध्यातूनच जाते.

दुपारी धामापूरचा तलाव पाहिला. सोळाव्या शतकातला हा तलाव गर्द झाडीत आहे, पाणी खोल आहे आणि पक्षी मोजकेच. पाट गावचा उथळ तलाव मात्र अडई बदकांनी भरलेला होता. कमळपक्षी लांबलचक बोटे पसरून पानावरून पानावर चालत होते; त्यांच्या विणीच्या काळातल्या लांब शेपट्या थंडीत गळून गेलेल्या होत्या. तिथे तासभर एकही पक्षी घाबरून उडाला नाही, कारण पाण्यात गाडी जात नाही. सकाळच्या किनाऱ्याला असे कोणतेच कुंपण नव्हते.

कोल्हापूरहून जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, गाडी रस्त्यावरच लावावी, वाळूवर पायी उतरावे आणि भरतीच्या वेळी थवा बसलेला दिसल्यास मुलांना त्याच्यामागे धावू न देता लांबूनच दाखवावा. लांबून पाहिलेला थवाही मुलांना जवळून पाहिल्याइतकाच आवडतो, हा माझा अनुभव आहे. आपल्या पर्यटन पुरवणीत किनाऱ्यांची माहिती छापताना प्रत्येक वेळी त्याखाली ही सूचनाही द्यावी. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो आणि हे पाहुणेही तोवर किनाऱ्यावर पोहोचलेले असतात, तेव्हा सुरुवात त्याच आठवड्यात करता आली तर फार बरे होईल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर