रूमवरच्या मुलींना पहिल्याच रात्री सांग

चि. सायली, अनेक आशीर्वाद.

तुझ्या हॉस्टेलच्या बॅगेत फणसपोळीच्या पुड्याखाली हे पत्र ठेवलंय. समोर बसून बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं.

काल तू म्हणालीस, "आई, मला फिट येते हे रूमवरच्या मुलींना इतक्यात नको सांगायला, आधी ओळख तरी होऊ दे." मी गप्प बसले, कारण ही लपवाछपवी तू माझ्याकडूनच शिकलीस.

सातवीतला शिमगा आठव. अंगणात पालखी नाचत होती आणि तू तुळशीपाशी कोसळलीस. तुला फिट येते हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे लग्नात अडचण नको म्हणून मीच बोलले नव्हते. मग कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, दोघांनी तुझे हात दाबून धरले. एकाने दातखीळ उघडायला स्टीलचा चमचा घातला. तुझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला तो तेव्हा. जीभ चावली गेली असती तर चार दिवसांत बरी झाली असती, दात काही परत येत नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला आधी सांगून ठेवणं माझं काम होतं. लग्नाला अडचण म्हणून असलेला अपस्माराचा, म्हणजे या फिटच्या आजाराचा, उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकला, माझ्या मनातून मात्र तो निघाला नव्हता.

म्हणून पहिल्याच रात्री सांग. नुसतं "मला फिट येते" म्हणून थांबू नकोस, मुली घाबरतील. तुझी नजर एका जागी खिळते, मग तू पडतेस, अंग ताठ होतं, झटके येतात आणि दोनेक मिनिटांत थांबतात, हे सगळं सांग. पडलीस की त्यांनी आधी घड्याळ बघायचं. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं, मी अनुभवलंय. खुर्ची-टेबल बाजूला सारायचं, गळ्याची ओढणी सैल करायची, डोक्याखाली चादरीची घडी ठेवायची. हातपाय धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. झटके थांबले की कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर येते, घशात जात नाही. तू पुरती भानावर येईपर्यंत कुणीतरी जवळ बसायचं. ५ मिनिटं उलटूनही झटके चालूच असले, शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, श्वास नीट चालेना किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच १०८ ला फोन. मग मला.

कुशीवर वळवणं तोंडी सांगून कळत नाही. आपण माजघरात चटईवर केलं होतं तसं करून दाखव. पलीकडचा गुडघा दुमडायचा, खांदा आणि गुडघा धरून आपल्याकडे ओढायचं. तेव्हा तू मला एका दमात वळवलं होतंस! प्रत्येकीला एकदा तरी करायला लाव. रेक्टर मॅडमनाही सांग.

रात्रीची गोळी चुकवू नकोस आणि परीक्षा आहे म्हणून जागरण करू नकोस. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत खुशाल हिंड, पण गुडघाभर पाण्यातसुद्धा एकटी जाऊ नकोस. आंघोळीला गेलीस की दार नुसतं लोटून घे, कडी लावू नकोस. बाहेर एक मैत्रीण उभी राहील, तिला सगळं ठाऊक असलं की.

तुझी,
आई