मधुमेही रुग्ण आणि स्टेंटची घाई

महोदय,

माझ्या मधुमेही मेहुण्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले, तेव्हा ते अँजिओग्राफीच्या टेबलावर असतानाच ताईला आत बोलावून, पडद्यावरचे चित्र दाखवून, पाच मिनिटांत स्टेंटच्या संमतिपत्रावर सही घेण्यात आली. बायपासचा विषयही निघाला नाही. वास्तविक २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, अशाच १,९०० मधुमेही रुग्णांवरील 'फ्रीडम' चाचणीत पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अँजिओप्लास्टीनंतर, म्हणजे स्टेंट बसवल्यावर, १६.३ टक्के, तर बायपासनंतर १०.९ टक्के आढळले. पक्षाघात मात्र बायपासनंतर अधिक, म्हणजे २.४ टक्क्यांच्या तुलनेत ५.२ टक्के होता. तीव्र झटक्यात तातडीने स्टेंट बसवणे योग्यच. परंतु प्रकृती स्थिर असल्यास हे आकडे नातेवाइकांना सांगून, हृदयशल्यचिकित्सकाचे मत घेण्याइतका अवधी रुग्णालयांनी द्यायला हवा.

– एक वाचक, सातारा