सिंधच्या फाळणीचे कागद मुंबईत आहेत, ते लोकांपुढे आणा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

फाळणी म्हटली की आपल्याकडे पंजाब आणि बंगाल आठवतात. सिंध प्रांत मात्र १ एप्रिल १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता, आणि तिथली तेढ कशी वाढत गेली याची सुरुवातीची नोंद मुंबईच्या सरकारी दप्तरात आहे.

सिंध वेगळा करा, ही मागणी १९१३च्या कराची काँग्रेसमध्ये मांडणारे हरचंदराय विशिनदास हे हिंदू पुढारी होते. तक्रार साधी होती: मुंबई लांब पडते आणि आमच्याकडे लक्ष देत नाही. पण १९२९मध्ये जिनांच्या चौदा मुद्द्यांत, म्हणजे मुसलमानांसाठी त्यांनी मांडलेल्या मागण्यांच्या यादीत, हीच मागणी आली, तोवर ती मुसलमानांची ठरली होती आणि बहुतेक सिंधी हिंदू तिच्या विरोधात गेले होते. कारभाराच्या प्रश्नाला धर्माचा रंग चढायला पंधरा-सोळा वर्षे पुरली.

पुढचे फार वेगाने घडले. सिंधमधल्या सक्कर शहरात सिंधू नदीच्या काठी मंझिलगाह ही सरकारच्या ताब्यातली जुनी इमारत. ती मशीद आहे, परत द्या, अशी मुस्लिम लीगची मागणी. समोरच नदीतल्या बेटावर साधबेला हे हिंदूंचे तीर्थस्थान, त्यामुळे हिंदूंचा कडवा विरोध. ऑक्टोबर १९३९मध्ये सत्याग्रहींनी इमारतीचा ताबा घेतला, नोव्हेंबरमध्ये दंगली पेटल्या. त्याच दिवसांत रुक स्टेशनवर सिंधी संत-गायक भगत कंवरराम यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांची भजने ऐकायला हिंदू-मुसलमान दोघेही जमत.

या साऱ्यात सापडलेले सिंधचे मुख्यमंत्री अल्लाबक्ष सूमरो यांचे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणाऱ्या मुस्लिम लीगच्या लाहोर ठरावानंतर महिनाभरात, एप्रिल १९४०मध्ये, दिल्लीत फाळणीविरोधी मुसलमानांच्या आझाद मुस्लिम परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी फाळणीला उघड विरोध केला. १९४२मध्ये इंग्रजांचे किताब परत केले, म्हणून गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले. १४ मे १९४३ रोजी शिकारपुरात त्यांचा खून झाला. असा माणूस आपल्याकडे कोपऱ्यातही सापडू नये, याचे मला फार वाईट वाटते.

जानेवारी १९४८च्या कराचीतल्या दंगलीनंतर सिंधी हिंदू बोटी भरभरून मुंबईला आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या बराकींत त्यांना ठेवले गेले, तेच आजचे उल्हासनगर.

माझ्या मागण्या दोनच. पुराभिलेख संचालनालयातील सिंधविषयक कागद, विशेषतः सिंध मुंबईपासून वेगळा करण्याच्या वादाचे, स्कॅन करून सर्वांसाठी खुले करावेत. आणि सिंधमधून आलेल्यांच्या आठवणी सिंधी व मराठी दोन्ही भाषांत ध्वनिमुद्रित कराव्यात. आठवण सांगू शकणारे आता ऐंशी-नव्वदीत आहेत, तेव्हा हे दुसरे काम याच वर्षी हाती घ्यावे. कागद एक वेळ थांबतील.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, कल्याण