दुहेरीला दुहेरीचाच प्रशिक्षक हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपलं क्रीडापान मी रोज वाचते. बॅडमिंटन स्पर्धेची बातमी आली की एकेरीला चार परिच्छेद असतात आणि दुहेरीचा निकाल शेवटच्या ओळीत, कधी तर जोडीतल्या एकाचंच नाव. मी चौदा वर्षं दुहेरी खेळले, आता मुलांना दुहेरीच शिकवते, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

मथियास बो यांचंच घ्या. डेन्मार्कचा हा डावखुरा खेळाडू कार्स्टन मोगेन्सनबरोबर २०११ आणि २०१५ मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकला, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये या जोडीला रौप्यपदक मिळालं. २०२० मध्ये बो निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांचे प्रशिक्षक म्हणून कोर्टाशेजारच्या खुर्चीत दिसू लागले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये या जोडीने पुढे सुवर्णपदक जिंकलेल्या तैवानच्या जोडीला तिसऱ्या गेममध्ये २७-२५ असं हरवलं, तरी गटातून पुढे जाता आलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई खेळांत दोघांनी सुवर्ण आणलं, बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलं. त्याच महिन्यात ते जगात पहिल्या क्रमांकावर गेले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरले आणि बो यांनी प्रशिक्षण थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं.

बो येण्याआधी सात्त्विक-चिरागची जोडी जमवली ती मलेशियाचे टॅन किम हर यांनी. तेही मूळचे दुहेरीचेच खेळाडू. दोघेही मागून स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरदार फटका, मारणारे, दोघांनाही मागेच राहायचं असायचं. अशा दोघांची जोडी होऊ शकते हे ओळखायला दुहेरीत मुरलेली नजर लागते. एकेरीचा प्रशिक्षक शटल मारणाऱ्याकडे बघतो. दुहेरीचा प्रशिक्षक त्या क्षणी जो मारत नाही त्याच्याकडे बघतो: तो कुठे उभा आहे, रॅकेट वर आहे का, पुढच्या शटलसाठी सरकला का?

परवाचीच गोष्ट. माझ्याकडच्या दोन मुली सामना खेळत होत्या. समोरून स्मॅश आला आणि शटल दोघींच्या मधोमध पडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक 'सॉरी' म्हणाली, दुसरी गप्प. मी खेळ थांबवला आणि दोघींना जागेवरच उभं करून दाखवलं. स्मॅश ज्या बाजूने येतो त्याच्या सरळ समोरची मुलगी बाजूची रेष सांभाळते, तिरप्या बाजूची थोडी आत सरकून मधलं शटल घेते. पाच मिनिटांचं काम. पण त्या दोघी तीन वर्षं खेळत होत्या आणि हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

सर्व्हिसचंही तेच. दुहेरीत सर्व्हिसची मागची रेष ७६ सेंटिमीटर आत असते, त्यामुळे एकेरीतली उंच सर्व्हिस इथे महागात पडते. बॅकहँडने, अंगठ्याच्या हलक्या दाबाने शटल जाळ्याला घासून जावं लागतं. चार बोटं वर गेलं की समोरचा झेपावतोच. एवढ्या एका फटक्यासाठी मी मुलांना रोज पाऊण तास देते.

माझ्या वेळी हे नव्हतं. एका निवड शिबिरात आम्हाला दुहेरीसाठी मिळायचा तो शेवटचा अर्धा तास, पाय गळून गेल्यावर. एका कोर्टावर आठ जणी. एक सामना हरलो आणि माझी जोडीदार बदलली. का, ते आम्हा दोघींना कुणी सांगितलं नाही. आम्ही सहा वर्षं एकत्र खेळत होतो. मी सर्व्हिस करताना ती माझ्या मागे उभी राहून हळूच 'हं' म्हणायची. त्या आवाजाशिवाय सर्व्हिस करायला मला कितीतरी महिने लागले.

एकेरीत जमलं नाही त्याला दुहेरीत टाका, ही पद्धत आजही चालू आहे. निवड शिबिरात दुहेरी खेळलेला एक तरी प्रशिक्षक असावा आणि दुहेरीचा सराव सकाळी, अंगात जोर असताना व्हावा, एवढं स्पर्धा भरवणाऱ्यांकडे मागणं आहे. आपल्याकडे मागणं त्याहून लहान: दुहेरीचा निकाल छापाल तेव्हा जोडीतली दोन्ही नावं द्या, जमल्यास प्रशिक्षकाचंही.

त्या दोन मुलींचा पुढचा सामना शनिवारी आहे. मधलं शटल कोण घेतं ते मी बघणार आहे.

आपली नम्र,
एक बॅडमिंटन प्रशिक्षिका