यादीत ठेवू का गाळू?

अंबाजोगाई

प्रिय बाळ्या,

इकडं सगळं ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर जरा वर. आता खरं काम.

नानांनी सप्त्याच्या जुन्या कॅसेटी माझ्या गळ्यात मारल्या. कंप्युटरवर उतरवून झाल्यात. पण कीर्तन दोन तासांचं अन् सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे एका कीर्तनाचे तीन तुकडे. त्यात कंप्युटर नावानं लावतो तेव्हा १ नंतर १० घेतो, २ मागं राहतो. दुसऱ्या दिवसाच्या आधीच काल्याचं कीर्तन लागलं. नाना म्हणले, "दहीहंडी फोडून मग सप्ता बसवतोस का रे?"

म्हणून याद्या लावायचा एडिटर स्वतःच लिहायला घेतला. नाव ओढून वर-खाली करायचं. यादीतून काढलं तरी मूळ फाईल जागची हलत नाही. यादी एम३यू८ मध्ये, म्हणजे साधा मजकूर, अन् अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ-८, त्यामुळं देवनागरी नावं नीट दिसतात. फाईलींचे पत्ते यादीच्या फोल्डरपासून धरलेत, तेव्हा पेनड्राईव्ह देवळातल्या कंप्युटरला लावला तरी वाजतं. तू म्हणशील डेटाबेस लाव. नाही लावणार. प्रोजेक्टच्या वेळी तुझं ऐकून अख्खी रात्र गेली, वर चहाचे पैसे मीच दिले. अजून फेडले नाहीस.

तर तिसऱ्या दिवसाच्या कॅसेटीवर अभंग ऐन रंगात आलाय, माईक शिट्टी मारतो, पखवाज थांबतो अन् आण्णा ओरडतात, "बाळ्या, गाढवा, वायर सोड!" टाळकरी हसतात. विणेकरीसुद्धा हसतोय, लका!

नाना म्हणतात, काप. मी म्हणलं, फाईलीला हात लावणार नाही. साध्या एम३यूत "इथून इथपर्यंत वाजव" सांगायची सोय नाही. क्यू शीटमध्ये, म्हणजे सीडीवरच्या तुकड्यांची नोंद ठेवणाऱ्या फाईलीत, मात्र तुकडा कुठून सुरू होतो ते मिनिट, सेकंद, फ्रेम असं लिहितात. सेकंदाला ७५ फ्रेम, सीडीच्या हिशेबानं. तीच युक्ती उचलून माझ्या यादीत सुरुवात अन् शेवट दोन्ही घातले. एकच फाईल दोनदा टाकली, मधलं गाळलं. चालतं. पण ऐकताना पखवाज एकदम दुसऱ्याच लयीत उठतो, अन् जाणत्या कानाला लगेच कळतं की इथं काहीतरी लपवलंय.

आणि आण्णांचा पखवाज सगळ्या कॅसेटींवर आहे, बोलणं एवढंच. घरच्या यादीत ते राहणारच, त्यावर मी नानांचंही ऐकणार नाही. घोर आहे तो देवळाच्या यादीचा. काकू कार्तिकात रोज काकड्याला येतात. पहाटेच्या अंधारात, ध्यानीमनी नसताना, स्पीकरवर आण्णा ओरडले तर? आणि गाळलं, अन् पुढं कधी त्यांना कळलं की होतं, मी काढलं, तर? मला दोन्ही झेपत नाही. एडिटरमध्ये त्यासाठी एक खूण केलीय, टिचकी मारली की तुकडा यादीत येतो नाहीतर जातो. सध्या दिवसातून चारदा टिचकी मारायलोय.

चिऊची अ‍ॅडमिशन झाली का? पुण्यात पाणी रोज येतंय का टँकरच? वहिनींना नमस्कार.

नानांना यादी कोजागिरीच्या आत पाहिजे. काकूंना आधी घरी ऐकवावं असं मला वाटतं, पण मी नाही, तू येऊन ऐकव. येणार असशील तर कळव, तोवर यादी अडवून धरतो.

तुझा,
पक्या