रंग नंतर, आधी टायर बघा

संपादक महोदय, स.न.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारसायकलींवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण सगळा भर रंग, क्रोम आणि स्टिकरवर, गाडी घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं याबद्दल एक ओळ नाही म्हणून हे पत्र.

दिवाळीत मी राजदूत 175 घेतली, 1986 ची. दूधवाल्या काकांची गाडी, कॅन अडकवायचे हूक अजून तसेच, सात-आठ वर्षं गोठ्यात उभी होती. त्यांचा पुतण्या म्हणाला टायर नवेच आहेत, आणि दिसत पण होते नवे, रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. घरी आणून कडेचा चिखल पुसला तर लंबगोलात आकडा निघाला 2309, म्हणजे 2009 सालचा 23वा आठवडा! दाबून बघितलं तर भेगेत नख जात होतं. टायर-ट्यूब दोन्ही बदलले, तेव्हा कुठे जरा शांत झोप लागली.

मग टाकी. टॉर्च मारून बघितलं तर तळाला चहाच्या चोथ्यासारखा गंज. आमचे मिस्त्री म्हणाले किकला पाय लावायचा नाही आधी, कारण तो गंज पहिला कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. टाकी उतरवून जुनं पेट्रोल काढलं, मूठभर नट आणि डिझेल टाकून अर्धा तास हलवत बसलो, हात भरून आले पण निघालं बरंच. टाकीखालच्या कॉकची, म्हणजे पेट्रोलच्या तोटीची, जाळी साफ केली, पेट्रोलचा पाइप पापडासारखा मोडत होता तो नवा टाकला.

टू-स्ट्रोक गाडी आहे हे नवीन पोरांना सांगावं लागतं. क्रँक, पिस्टनला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच, गिअरचं ऑइल वेगळं. माझा मेव्हणा नुसतं पेट्रोल भरून आणायला निघालाच होता, गेटवर अडवला, नाहीतर इंजिन जाम. मी लिटरला 40 मिली टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, घालतो. पूर्वी पंपावरच टूटीचं हँडपंपाचं मशीन असायचं, आता बाटलीत हलवत बसा. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराची वाट लावतं, म्हणून आठवडाभर चालवणार नसलो तर इंजिन चालू ठेवून कॉक बंद करतो आणि गाडी जागेवरच बंद पडू देतो, कार्ब्युरेटर कोरडा राहतो. जुन्या गाड्यांसाठी पंपांवर बिनइथेनॉलचं पेट्रोल सहज का मिळू नये, हे तुमच्या पेपरने जरा लावून धरावं ही विनंती.

बाकी प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप 0.4 मिमी ठेवला, प्लग नवा, क्लच केबलमध्ये ऑइल सोडलं. धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइलही कमी होत असेल तर क्रँकचं ऑइल सील बघा, उभ्या गाडीत ते कडक होतं.

आणि हो, लेखात सगळ्यांना सरसकट व्हिंटेज म्हटलंय, पण 2021 च्या नियमात व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांच्या वरची. आमच्यासारख्यांना साधं आरसीचं रिन्युअल आणि इन्शुरन्सच बघावा लागतो.

मागच्या ब्रेकचे लायनर पार गुळगुळीत झालेत, दोन दुकानं फिरलो, मिळाले नाहीत, म्हणून सध्या गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतच नेतोय.

आपला,
एक राजदूतवाला, कराड