आई-बाबा, मला पुन्हा बोला

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून लिहिते आहे.

मागच्या महिन्यात महिलांच्या उपासनेत मला संदेश द्यायचा होता. मी उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. लेकराला दुरून ओळखून धावत सुटणारा तो बाप सांगताना आपल्यातलंच एखादं उदाहरण द्यावं असं वाटलं. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत एका बहिणीने मुलाची दारू सुटावी म्हणून प्रार्थना मागितली होती. ते मी सांगून टाकलं. नाव घेतलं नाही. पण ती तिसऱ्या बाकावर होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मला ते दिसलं, तरी मी बोलतच राहिले. उपासनेनंतर सगळ्यांनी कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळीतल्या एक मावशी घरी आल्या. जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या, मोजकंच बोलणाऱ्या. चहा झाला, मुलं खाली खेळायला गेली, तेव्हा म्हणाल्या, "बाई, तिने ते देवापुढे ठेवलं होतं. तू लोकांपुढे ठेवलंस."

मला इतका राग आला, आई! दोन रात्री मी मनातल्या मनात मावशींचेच दोष मोजत होते.

मग बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा १८वा अध्याय वाचनात आला. आलेक्सांद्रियाचा अपुल्लोस, मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत. पण त्याला ठाऊक होता फक्त योहानाचा बाप्तिस्मा, येशूच्या नावाचा नाही. इफिसच्या सभास्थानात त्याचं बोलणं ऐकलं अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाने. तंबू शिवून पोट भरणारं जोडपं. त्यांनी त्याला भरसभेत अडवलं नाही. आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. तो रुसला, असं कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्याच वचनात तो ग्रीसमधल्या अखयाला निघालेला आहे, आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याची फार मदत झाली. त्याच्याविषयीच पौल पुढे लिहितो की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं. मी किती वेळा हे वाचलं असेल! पण त्याच्या जागी स्वतःला कधी बसवून पाहिलं नव्हतं. मावशीही चारचौघांत बोलल्या नाहीत, दोन बस बदलून माझ्या घरी आल्या.

त्या बहिणीकडे जाऊन मी क्षमा मागितली. तिने पाणी दिलं, बस म्हणाली, पण प्रार्थनासभेला ती अजून आलेली नाही. माझ्या शब्दांनी जे झालं ते एका भेटीत भरून निघणार नाही, हे मला कळतं. मी जात राहणार आहे.

आता तुमच्याविषयी. माझं लग्न झालं, नोकरी लागली, तेव्हापासून मी चुकले तरी तुम्ही मला काही बोलत नाही. ईस्टरला मी वहिनीवर सगळ्यांसमोर ओरडले. बाबा, तुम्ही ताटाकडे बघत राहिलात. आई, तू लोणचं आणायला म्हणून उठलीस आणि बराच वेळ आलीच नाहीस. तुमचं बोलणं मला लागलं तर आपलं घर तुटेल, असं वाटतं का तुम्हाला? पूर्वी मी फुगून बसायचे, त्याची ही भीती असेल, तर तो दोष माझा आहे.

आई, रविवारी चर्चला जाण्याआधी तू माझ्या डोक्याला तेल चोळायचीस. गुंता निघताना मी ओरडायचे, तू केस सोडायची नाहीस. १४१व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की नीतिमानाने मला मारलं तरी ती दयाच, ते माझ्या डोक्याला तेल आहे, माझं डोकं त्याला नको म्हणणार नाही. ते वाचलं आणि तुझा हात आठवला.

नाताळाच्या सुट्टीत आम्ही येतो आहोत. वहिनीची क्षमा तेव्हा समोर बसून मागेन, फोनवर नाही. आणि बाबा, रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर मुलं झोपली की थोडा वेळ माझ्यासाठी ठेवा. मुलांशी, नवऱ्याशी, मंडळीत मी कुठे चुकते ते सांगा. मी मधे बोलणार नाही.

गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, येताना आणते.

तुमची,
धाकटी